हानामीचा तापमापक

‘पुढच्या वर्षी साकुरा बघायला क्योतोला जायचं आहे, तिकिटं कुठल्या तारखेची काढू?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न प्रवासी कंपनीला विचारण्यासारखा असला, तरी त्याच्या पोटात बरंच विज्ञान दडलंय. सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीने क्योतोत साकुराची, म्हणजे जपानी चेरीची, पहिली फुलं २६ मार्चला उमलतात आणि पूर्ण बहर येतो ४ एप्रिलला. मात्र झाडं सरासरी वाचत नाहीत. २०२१ मध्ये पूर्ण बहरच २६ मार्चला आला. कोविडमुळे त्या वर्षी परदेशी पर्यटक नव्हते, नाहीतर ४ एप्रिलचा मुहूर्त धरलेल्यांना पाकळ्यांचा सडा बघून परतावं लागलं असतं.

ही तारीख ठरवतं जपानचं हवामान खातं. त्यासाठी गावोगावी एकेक झाड नेमलेलं आहे. क्योतोचं झाड निजो किल्ल्याच्या आवारात आहे, टोकियोचं यासुकुनी देवळात. खात्याचा माणूस झाडाजवळ जाऊन डोळ्यांनी फुलं मोजतो. पाच-सहा उमलली की बहर सुरू झाला, याला म्हणतात ‘काइका’. ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की ‘मानकाइ’, पूर्ण बहर. टोकियोत या मोजणीच्या वेळी झाडाभोवती टीव्हीच्या कॅमेऱ्यांची गर्दी असते. चारच फुलं भरली तर सगळे हात हलवत परत जातात.

बहराचा अंदाज सांगण्याचं कामही अनेक दशकं हेच खातं करत होतं. २००७ मध्ये संगणकीय चुकीमुळे टोकियोसह काही शहरांचा अंदाज चुकला, तेव्हा खात्याने जाहीर माफी मागितली. पाऊस चुकल्यावर माफी मागणारं खातं माझ्या पाहण्यात नाही. २०१० पासून खात्याने हा उद्योग खासगी कंपन्यांवर सोडला. त्यांची गणितं गुंतागुंतीची असतात, पण एक ठोकताळा घरीही करून बघता येतो. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं. बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोचली की टोकियोत फुलं येतात. ऐकायला हा पंचांगातला तोडगा वाटतो, पण तो बऱ्यापैकी लागू पडतो. कारण कळीची वाढ म्हणजे शेवटी रासायनिक क्रियाच. ऊब वाढली की त्यांचा वेग वाढतो.

मग बेरीज १ जानेवारीपासून का नाही? कारण तेव्हा कळी झोपलेली असते. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. शरद ऋतूत पानांकडून आलेलं एक संप्रेरक त्यांना निजवतं. ही झोप उबेने मोडत नाही, थंडीने मोडते. काही आठवडे सपाटून गारठा पडला की कळी जागी होते, आणि त्यानंतरच तिला उबेचा उपयोग होतो. आधी थंडी, मग ऊब, हा क्रम पक्का. २०१८ च्या शरदात मोठ्या वादळांनी अनेक ठिकाणी साकुराची पानं झडून गेली. निजवणारं संप्रेरक पाठवायला पानंच उरली नाहीत, वर चार दिवस उबदार गेले, आणि ऐन ऑक्टोबरात फुलं आली. बातम्यांनी त्याला चमत्कार म्हटलं. झाडाच्या दृष्टीने तो नुसता चुकलेला निरोप होता.

आता त्या देखाव्याकडे वळू. एका दिवसात अख्खा रस्ता गुलाबी-पांढरा होतो, कारण त्या रस्त्यावर जनुकांच्या हिशेबाने एकच झाड असतं. या जातीचं नाव सोमेइ योशिनो. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, सोमेइ गावातल्या रोपवाटिकांनी ती पसरवली. १९०० मध्ये तिला हे नाव मिळालं. १९१६ मध्ये अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिसंग्राहकाने हा एदो-हिगान आणि ओशिमा या दोन साकुरांचा संकर असावा असं म्हटलं. जनुकशास्त्रज्ञ ताकेनाका यांनी पुढे प्रत्यक्ष संकर करून त्याला दुजोरा दिला, आणि १९९० च्या दशकात डीएनए तपासणीने सगळी झाडं एकाच झाडाच्या प्रती असल्याचं दाखवलं. देवगडच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. हापूसची कोय रुजवली तर हापूसच येईल याची खात्री कोण देणार? म्हणून कलम बांधायचं, म्हणजे एकच झाड पिढ्यानपिढ्या पुढे न्यायचं. बागेतली शंभर कलमं म्हणजे शंभर मुळांवर उभं असलेलं एकच झाड. गंमत म्हणजे मोहर धरायला हापूसलाही गारव्याची ओढ असते. थंडी यायला उशीर झाला की कोकणात चिंता सुरू होते. फरक इतकाच, की हापूसचा मोहर टप्प्याटप्प्याने येतो आणि बागायतदार त्यावर हंगाम लांबवतो. सोमेइ योशिनो मात्र सगळा खेळ एका आठवड्यात उरकते.

म्हणून क्योतोला जाणाऱ्याने नुसत्या या जातीवर विसंबू नये. ‘तत्त्वज्ञाची वाट’ नावाच्या तिथल्या रस्त्यावर गर्दी जरूर करावी. तिथली झाडं चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु आणि त्यांच्या पत्नीने १९२१ मध्ये दिलेल्या रोपांपासूनची, म्हणजे अगदी अलीकडची. पण निन्नाजी देवळातली ओमुरो साकुरा बुटकी, माणसाच्या डोळ्यांपुढे फुलणारी आणि उशिरा येणारी. साधारण एप्रिलच्या मध्याला तिचा नंबर लागतो. शहरात लवकर, मधल्या आणि उशिराच्या जाती आहेत, म्हणून महिनाभर कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं असतं. जाहिराती ज्या एका आठवड्यासाठी आपल्याला घाबरवतात, तो एका संकराचा स्वभाव आहे, वसंताचा नाही.

त्या संकरातली ओशिमा साकुरा खाण्यातही येते. मिठात मुरवलेल्या तिच्या पानात भातासारखा दाणेदार तांदळाचा गोळा आणि आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण, ही क्योतोकडची साकुरामोची. पानाला सुकल्या गवताचा गोडसर वास येतो तो कूमरिन या रसायनाचा. ताज्या पानाचा असा वास नसतो. तिथे कूमरिन साखरेला बांधलेल्या रूपात वेगळ्या कप्प्यात पडून असतं. मिठाने पेशी मोडल्या की विकरं त्याला मोकळं करतात. पान खायचं की सोलून ठेवायचं, यावर जपानी लोकांचंही एकमत नाही. मी खाणाऱ्यांच्या बाजूने आहे.

२०२१ च्या बहराकडे परत येऊ. ‘१२०० वर्षांतला सर्वांत लवकर बहर’ असे मथळे जगभर झळकले, सोबत सोमेइ योशिनोचे फोटो. ती जात १२०० वर्षांपूर्वी नव्हतीच. नोंद आहे डोंगरातल्या यामाझाकुराची, अलीकडच्या काळात अराशियामाच्या परिसरातली. ती नोंद कुणी ठेवली, हे मथळ्यांनी सांगितलं नाही, आणि मला तेच सर्वांत आवडतं.

८१२ मध्ये सागा सम्राटाने शिन्सेन-एन या उद्यानात फुलं बघण्याची मेजवानी, म्हणजे हानामी, दिली अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. त्या उद्यानाचा उरलेला तुकडा आज निजो किल्ल्याच्या दक्षिणेला आहे. हवामान खात्याच्या झाडापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. त्यानंतर शतकानुशतकं सम्राट, सरदार, अधिकारी आणि भिक्षू रोजनिशा लिहीत राहिले. आज अमक्याकडे फुलं बघायला गेलो, पद्य रचलं, दारू जास्त झाली. यातल्या कुणालाही हवामान मोजायचं नव्हतं. पाऊस, ग्रहण, ताप, फुलं, सगळं एका रांगेत लिहिलं जाई. कवी फुजिवारा नो तेइका याच्या रोजनिशीत तर १२०४ मध्ये क्योतोच्या आकाशात दिसलेल्या तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची नोंद आहे आणि तिच्यावर आजचे सौरशास्त्रज्ञ काम करतात.

या नोंदींतून हवामान वाचता येईल, हे हवामानतज्ज्ञ हिदेतोशी अराकावा यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं. पण बहराच्या तारखा चिकाटीने गोळा करणारा माणूस म्हणजे ओसाकाचे यासुयुकी आओनो. जुन्या रोजनिशा वाचायच्या, चांद्र महिने आणि अधिक मास सोडवून तारीख आजच्या दिनदर्शिकेत आणायची, आणि मग शंका काढायच्या. मेजवानी पूर्ण बहरालाच झाली, की यजमानाला वेळ होता म्हणून? ज्या वर्षी साकुराची नोंदच नाही, तिथे काय करायचं? दहाव्या-अकराव्या शतकातल्या सहा वर्षांच्या तारखा त्यांनी विस्टेरियाच्या फुलण्यावरून काढल्या. बहराच्या तारखांवरून मग मार्चचं सरासरी तापमान बांधलं. दहाव्या शतकात ते सुमारे ७ अंश सेल्सिअस निघालं, पुढे घसरलं, सावरलं, चौदाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा घसरलं. तापमापकाचा शोध लागण्याच्या कित्येक शतकं आधीचे हे आकडे. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’च्या मुखपृष्ठांवर असलं काम क्वचितच येतं. त्याला लागतात फक्त डोळे आणि दशकं.

तर मग २०२१ चा विक्रम? आधीचा विक्रम होता २७ मार्च १४०९ चा. फरक एका दिवसाचा. कारखाने नसलेल्या पंधराव्या शतकातही एखादा वसंत तितका लवकर येऊ शकत होता, म्हणून एकट्या वर्षाच्या तारखेवर मथळा उभा करणं कच्चं काम आहे. भक्कम पुरावा आहे तो सरासरीच्या घसरणीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण बहर एप्रिलच्या मध्याच्या आसपास असे. आता तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्याकडे सरकला आहे. ब्रिटनच्या हवामान खात्यातले निकोस क्रिस्टिडिस आणि आओनो यांनी सहकाऱ्यांसोबत २०२२ मध्ये यातला माणसाचा वाटा मोजला. बहर सुमारे ११ दिवस अलीकडे आला, पण त्यातला जवळपास निम्मा वाटा क्योतो शहराच्या स्वतःच्या उबेचा, म्हणजे काँक्रीट, डांबर आणि वातानुकूलन यंत्रांचा. उरलेला निम्मा जगाच्या तापमानवाढीचा. मथळ्यात हे दोन निम्मे क्वचितच वेगळे दिसतात.

सणांना हे सरकणं सोसवेनासं झालं आहे. १५९८ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने क्योतोतल्या दाइगोजी देवळात सुमारे १३०० जणांना घेऊन गाजलेली हानामी केली, आजच्या दिनदर्शिकेने २० एप्रिलला. आज २० एप्रिलला तिथे गेलात तर बहुतेक झाडांवर पालवी दिसेल. त्या हानामीची मिरवणूक दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी निघते आणि फुलांनी तोवर थांबावं अशी आशा असते. इमामिया देवळाचा यासुराइ उत्सवही त्याच रविवारी. गळणाऱ्या पाकळ्यांबरोबर रोगराईची भुतं पसरतात अशी जुनी समजूत. फुलांनी सजवलेल्या छत्र्या घेऊन, नाचत-वाजवत त्यांना शांत करायचं. छत्रीखाली उभं राहिलं की वर्षभर आजार टळतो म्हणतात. पाकळ्या मार्चातच गळून गेल्या, तर भुतांनी कुणाची वाट बघायची?

जानेवारी २०२१ मध्ये जपानच्या हवामान खात्याने निसर्गनोंदींना मोठी कात्री लावली. प्राण्यांच्या २३ प्रकारांची निरीक्षणं पूर्ण बंद, वनस्पतींच्या ३४ पैकी फक्त सहा उरल्या. साकुरा अर्थातच उरली. कोकीळ-चंडोलासारख्या पक्ष्यांची पहिली गाणी, पहिलं फुलपाखरू, पहिली बेडकी यांच्या नोंदी थांबल्या. दोनच महिन्यांनी क्योतोत तो विक्रम झाला. रोजनिशी लिहिणाऱ्या भिक्षूने आपली दैनंदिनी पर्यटनाच्या उपयोगाप्रमाणे छाटली असती, तर आओनोंच्या हाती काय लागलं असतं?

आणि बहराचा हा तापमापक पुढे चुकू शकतो, हेही सांगायला हवं. कळीला आधी थंडी लागते. क्योतोचा हिवाळा अजून पुरेसा गार आहे, म्हणून ऊब वाढली की बहर लवकर येतो. दक्षिणेकडे कागोशिमात मात्र काही उबदार हिवाळ्यांनंतर कळ्या नीट जाग्याच होत नाहीत. २०२० मध्ये टोकियोत १४ मार्चला फुलं आली आणि शेकडो किलोमीटर दक्षिणेच्या कागोशिमात १ एप्रिलला. हिवाळे आणखी नरमले तर क्योतोतही बहर लवकर यायचा थांबून उशिरा सरकू लागेल. त्या दिवसापासून आओनोंचं समीकरण वापरून नुसत्या बहराच्या तारखा वाचणाऱ्या संशोधकाला वसंत थंड होत गेल्याचा भास होईल.