तक्रार कुणाकडे करायची?

हरिद्वारच्या रिधिमा पांडेची गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा मुलांना नवल वाटलं ते तिच्या वयाचं. 2013 च्या केदारनाथच्या पुरानं ती हादरली होती. 2017 मध्ये, नऊ वर्षांची असताना, सरकार हवामानबदलाबाबत पुरेसं करत नाही म्हणून ती राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादानं 2019 मध्ये तिचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटा थुनबर्गसह सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली, त्यात रिधिमाही होती. तक्रार अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच देशांविरुद्ध. भारताचं नाव त्यात नव्हतं. असूही शकलं नसतं. मुलांना त्या समितीकडे थेट दाद मागू देणारा पूरक करार भारतानं स्वीकारलेलाच नाही.

"तो मैडम, हम शिकायत किससे करें?" मागच्या बाकावरून आवाज आला.

आमचे पूर्वज पवार सरदारांच्या मागोमाग आजच्या मध्य प्रदेशातल्या धारला आले. मी शिकवते ती कुक्षीही धार संस्थानातलीच, तरी धारचे नातेवाईक अजून विचारतात, "तिकडे जंगलात कशी गं राहतेस?" जंगल कितीसं उरलंय, ते त्यांनी एकदा येऊन बघावं. इथं शाळेचं नवं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. पत्र्याच्या छताखाली दुपारी बारा वाजता मुलं फळ्याकडे नाही, दाराकडे बघत असतात. लहान मुलाच्या शरीराला वजनाच्या मानानं त्वचा जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ते पटकन ओढून घेतं. घाम मात्र मोठ्यांपेक्षा कमी येतो. शिवाय खेळात रमलेलं पोर आपणहून पाणी मागत नाही. लू मोठ्यांनाही लागते, पण सावलीत जाऊन बसायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा त्रास हजेरीपटावर दिसतो. पावसानं दगा दिला की कोरडवाहू कापूस आणि मका बसतात, घरंच्या घरं गुजरातला मजुरीला जातात आणि मुलंही बरोबर. काही नावं दिवाळीनंतर गळतात ती थेट होळीआधीच्या भगोरियाच्या हाटाला दिसतात. मजुरीला लोक पूर्वीही जात. सगळं हवामानाच्या माथी मारणं मला पटत नाही. 2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि जवळचं निसरपूर बुडालं, तो धरणाचा निर्णय होता, ऋतूचा नव्हे. मात्र एकदा विस्थापित झालेल्या घराला पुढचा बेभरवशाचा पावसाळा जास्त जड जातो, हे खरं.

सोळा मुलांची तक्रार 2021 मध्ये समितीनं दाखल करून घ्यायला नकार दिला: आधी त्या त्या देशातल्या न्यायालयांत जा. पण जाताजाता समितीनं मान्य केलं, की एका देशाच्या धुरानं दुसऱ्या देशातल्या मुलाचं नुकसान झालं तर पहिला देश हात झटकू शकत नाही. पुढं 2023 च्या ऑगस्टमध्ये समितीनं मुलांचे हक्क आणि पर्यावरण यांवर सविस्तर मार्गदर्शन काढलं. त्यासाठी 121 देशांतल्या सोळा हजारांहून जास्त मुलांची मतं मागवली होती. मला त्या निकालापेक्षा ही मतं मागवण्याची रीत मोलाची वाटते.

ती समिती बसते ते जिनिव्हा लांब आहे. आमच्या आसपासची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या मध्य प्रदेशच्या 2022 च्या नियमांनी ग्रामसभेला गावातल्या छोट्या तलावांचा कारभार दिलाय, मजुरीला बाहेर जाणाऱ्यांची माहिती ठेवण्याचा अधिकारही दिलाय. म्हणजे मागच्या बाकाला उत्तर होतं. वर्गातल्या मुलींनी ग्रामसभेला अर्ज लिहिला: एप्रिलमध्ये शाळा सकाळी भरून लवकर सुटावी, मधल्या सुट्टीआधी पाण्याची एक घंटा व्हावी, आणि मजुरांच्या यादीत बरोबर जाणाऱ्या मुलांचं नाव, इयत्ता लिहावी, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येईल. तिसरी मागणी मला सुचली नसती.

सह्या करायच्या वेळी अडचण आली. ग्रामसभेचे सभासद म्हणजे मतदार यादीतले लोक. तेरा वर्षांच्या पोरीची सही तिथं चालत नाही. मग अर्ज आयांच्या नावानं गेला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे दिले, आणि कुणाचा अंगठा कुठला ते मुलींनी शेजारी लिहिलं.