बेटांची सहल: डब्यांच्या यादीआधी भरतीचे वेळापत्रक

"दरवर्षी त्याच बागेत बार्बेक्यू कशाला? एकदा समुद्रात जाऊ या की!" मंडळाच्या गेल्या सहलीत कुणीतरी म्हणाले आणि मेन राज्यातील स्टोनिंग्टनजवळच्या बेटांभोवती कयाकने फिरण्याचा बेत ठरला. नियोजनाला बसलो तेव्हा आमची पहिली यादी झाली ती अर्थातच खाण्याची: थालीपीठ, चिवडा, लोणचे. समुद्राचा कागद कोराच होता!

तो भरायला लागलो मे महिन्यात, तळ्यावरच्या सरावानंतर. आमचा एक मित्र मालवणच्या समुद्रात पोहत वाढलेला. त्याची कयाक उलटली. पोहणे येत असूनही त्याला श्वास आवरेना. ज्याला गप्प करणे मंडळाला कधी जमले नाही, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. लाइफ जॅकेट होते म्हणून तो तरंगत राहिला. काठावर आणल्यावर त्याला स्वतःची चेनही उघडता येत नव्हती.

कारण साधे आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. मेनच्या किनाऱ्यावर जूनमध्ये हवा ८० अंश फॅरनहाइट असली, तरी पाणी ५०-५५ च्या आसपास असू शकते. अशा पाण्यात श्वास सावरायला साधारण १ मिनिट, हातपाय नीट चालेपर्यंत १० मिनिटे आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास, असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणून कपडे हवेकडे नव्हे, पाण्याकडे बघून घालायचे. वेटसूट हवाच, सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी. लाइफ जॅकेट अंगात, बोटीत नव्हे!

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तिथे पाणी सुमारे १० फूट चढते-उतरते आणि त्यातले निम्मे मधल्या दोन तासांत सरकते. उधाणाचे दिवस टाळायला स्वयंपाकघरातले कालनिर्णयही उपयोगी पडते: पौर्णिमा-अमावास्या सोडून अष्टमीच्या आसपासची तारीख धरली आहे. वेळा मात्र तिथल्याच तक्त्यातून घ्यायच्या. दुपारी वारा वाढतो, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत परत. लॉब्स्टरच्या बोटींना आपण दिसतो असे समजू नये. त्यांची वाट सर्वांनी एकत्र आणि सरळ ओलांडावी.

१९८८ पासून या किनाऱ्यावर मेन आयलंड ट्रेल नावाची जलवाट आहे. तिच्यावर उतरण्याच्या २०० हून अधिक जागा आहेत. आम्ही निवडलेले हेल्स हाफ एकर हे बेट नावाने भयंकर असले, तरी गावापासून दोन-अडीच मैलांवरच आहे. नेलेला कचरा परत आणायचा, पक्ष्यांच्या घरट्यांपासून लांब राहायचे.

बोटींचे रंग, सर्वांची नावे आणि परतीची वेळ लिहिलेला कागद किनाऱ्यावरच्या माणसाकडे राहील. वेळ टळली तर त्याने कोस्ट गार्डला कळवायचे.

आणि शेवटचा नियम. धुके उतरले, वारा वाढला किंवा कुणा एकालाही धीर झाला नाही, तर कुणीच जाणार नाही. मतदान नाही, आग्रह नाही. "एवढ्या लांब आलोय तर..." हे आपले लाडके वाक्य त्या दिवशी बंद! थालीपीठ धक्क्यावरही तितकेच छान लागते.

इच्छुकांनी कार्यकारिणीकडे नावे द्यावीत. आधी तलावात बोट उलटवून परत चढण्याचा सराव सक्तीचा आहे. यादीत पहिले नाव आमच्या मालवणी मित्राचे आहे. वेटसूट त्याने आधीच घेतला आहे.