उडण्यापूर्वीचा तोल

दूरनियंत्रित विमानाच्या संचाचे खोके उघडले की लहान-थोर सारखेच उतावीळ होतात. आमचेही तसेच झाले. तीन आठवडे खपून आम्ही जोडलेले पहिले विमान जमीन सोडताच नाक वर करून उभे राहिले, क्षणभर लटकले आणि कोसळले. वारा नव्हता, मोटरही बिघडली नव्हती. शेपटी बळकट व्हावी म्हणून आम्ही तिला डिंकाचे व रंगाचे हात सढळपणे दिले होते, एवढाच अपराध! ते विमान खरे तर आमच्या टेबलावरच मोडले होते.

म्हणून नवशिक्यांना आमचे सांगणे असे. पहिल्या खेपेस लढाऊ विमानाचा मोह टाळावा. धडाच्या वर पंख असलेले, ‘ट्रेनर’ जातीचे विमान घ्यावे. त्याचे पंख टोकांकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे कलंडले तरी ते स्वतःच सावरू पाहते.

जोडणीसाठी अगदी सपाट फळी हवी. तीवर आराखडा पसरून वर पातळ प्लॅस्टिक घालावे, म्हणजे डिंक कागदास चिकटत नाही. बाल्साचे हलके लाकूड टाचण्यांनी जागच्या जागी धरावे आणि डिंक पुरता वाळल्यावाचून पंख उचलू नये. घाईने उचललेला पंख पिळवटतो व विमान सतत एका अंगास वळते. एरवी पांढरा डिंक पुरतो. मोटरीची बैठक व चाकांचा आधार येथे एपॉक्सी वापरावे. सांधा जुळत नसेल तर फट डिंकाने न बुजवता लाकूड घासून जुळवावे.

बॅटरीसह सर्व सामान बसवल्यावर तोल पाहावा. पंखाची रुंदी २४ सेंमी असेल तर पुढच्या कडेपासून साधारण ६ ते ८ सेंमीवर दोन बोटांचा आधार देताच विमान आडवे राहिले पाहिजे. पुस्तिकेत माप दिले असल्यास तेच प्रमाण मानावे. शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपटी तोलबिंदूपासून दूर असल्याने तेथले थोडे वजनही नाकाशी कितीतरी अधिक शिसे मागते.

त्यानंतर प्रॉपेलर काढून ठेवावा. आधी ट्रान्समीटर, मग विमान चालू करावे. विमानामागे उभे राहून दांडी उजवीकडे नेली असता उजव्या पंखाची झडप वर आणि डावीची खाली गेली पाहिजे. हे उलटे झाले तर हवेत सावरण्यास अवसर मिळत नाही.

वस्ती व विमानतळ यांपासून दूरचे मैदान निवडावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे विभाग केले आहेत. आपले मैदान कोणत्या विभागात येते ते आधी पाहावे. पहिले उड्डाण जाणत्या माणसाच्या हातून करवून घेण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या विमानास आम्हांस दोन महिने लागले; एक अख्खा रविवार तर केवळ तोल साधण्यात गेला. ते सात मिनिटे उडाले आणि धडधाकट घरी आले.