काट्यावरचं ताट

"मी नुसतं पाणी प्यायले तरी अंगाला लागतं." वजनाचा विषय निघाला की घरात कुणी ना कुणी हे म्हणतंच, आणि म्हणणारं माणूस अगदी मनापासून म्हणत असतं. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या काही संशोधकांनी अशाच दहा जणांचं म्हणणं कसाला लावून पाहिलं. दहाही जण डाएट करकरून थकलेले. दिवसाला बाराशेपेक्षा कमी कॅलरी खातो तरी वजन हलत नाही, म्हणजे आपल्या शरीरातच काहीतरी बिघडलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

संशोधकांनी त्यांना खरोखरच पाणी प्यायला दिलं. या पाण्यात काही हायड्रोजन आणि काही ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड जातीचा होता. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो : लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन पाण्यावाटे तर जातोच, शिवाय श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. म्हणून तो थोडा लवकर संपतो. दोघं किती वेगानं कमी होतात ते लघवीच्या नमुन्यांवरून कळतं. त्या दोन वेगांतल्या फरकातून माणसानं किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे निघतं आणि त्यावरून त्यानं किती ऊर्जा जाळली हेही. माणूस घरी जेवतो, कामावर जातो, झोपतो, आणि त्याच्या नकळत त्याच्या शरीरातलं पाणीच हिशेब लिहीत राहतं. शरीरात साठलेल्या ऊर्जेत किती फरक पडला तो यात धरला की त्यानं खाल्लं किती, तेही समजतं.

त्या मंडळींनी नोंदवलेलं खाणं दिवसाला सरासरी १,०२८ कॅलरी होतं. प्रत्यक्षातलं निघालं २,०८१. निम्मं जेवण नोंदीतून गळून गेलं होतं. शरीराची ऊर्जा जाळण्याची गती मात्र अगदी सर्वसाधारण होती, बिघाड काहीच नव्हता.

ही माणसं लबाडी करत होती असं मला मुळीच वाटत नाही. ती नेमानं वही भरत होती. चूक त्यांच्या नियतीत नव्हती, मापात होती. माणसाच्या डोळ्याला अन्नातली ऊर्जा दिसतच नाही.

आपल्या स्वयंपाकघरांना मोजण्याचं वावडं कधीच नव्हतं. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही उतरंड आजीच्या तोंडपाठ असायची. पण ही सगळी मापं जागा मोजणारी. आजही आपण वाटीनं, चमच्यानं आणि मुठीनंच मोजतो. एक वाटी पातळ पोहे आणि एक वाटी जाड पोहे यांच्या वजनात केवढा फरक असतो ते एकदा काट्यावर ठेवून बघावं. चाळलेलं पीठ आणि डब्यात दाबून बसलेलं पीठ एकाच वाटीत वेगवेगळं मावतं. दाण्याच्या कुटाचा चमचा सपाट घेतला की शीग लावून घेतला, यावर त्यातली ऊर्जा सहज दीडपट-दुप्पट होते आणि लिहिताना दोन्ही वेळा आपण 'एक चमचा' असंच लिहितो.

तेलाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. मोठ्या चमच्यात तेरा-चौदा ग्रॅम तेल मावतं. एक ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे चमचाभर तेलात सुमारे १२० झाल्या. एवढीच ऊर्जा काकडीतून मिळवायची तर सहाशे ते आठशे ग्रॅम काकडी खावी लागेल. पोटाला हा फरक चटकन कळत नाही. जठराच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. जठर किती फुगलं ते ते मेंदूला कळवतात. काकडीनं जठर भरतं, तेल मात्र त्यांना चकवून निघून जातं. रस्सा किती दाट आहे, तवंग किती आहे, याची बातमी पोटाकडून येते, पण फार उशिरा.

हे सगळं जे यंत्र आपल्याला दाखवू शकतं, ते हजार रुपयांच्या आत मिळतं आणि ओट्याच्या कोपऱ्यात मावतं. त्याच्या पोटात काय आहे हे पाहिल्यापासून मला त्या काट्याबद्दल फार आदर वाटतो.

बहुतेक काट्यांत मधोमध बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिला मधे दोन भोकं पाडून ती एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पट्टी त्या जागी पातळ होते. पातळ भागावर पांढऱ्या गोंदाचा ठिपका असतो आणि त्यातून चार रंगीत तारा निघतात : लाल, काळी, हिरवी, पांढरी. पट्टीचं एक टोक तळाला घट्ट बसवलेलं, दुसऱ्या टोकावर ताट ठेवायची जागा. वर काही ठेवलं की पट्टी वाकते. एका ग्रॅमला ती वाकते मायक्रॉनच्या काही अंशाइतकी, आणि केसाची जाडीच पन्नासहून अधिक मायक्रॉन असते.

त्या पांढऱ्या गोंदाखाली धातूच्या वर्खाची नागमोडी जाळी चिकटवलेली असते. कणकेची वळी ताणली की ती लांब होते आणि बारीकही होते. पट्टी वाकली की जाळीतल्या धातूचं तेच होतं. लांब आणि बारीक झालेल्या धातूतून वीज जायला जास्त अडथळा होतो. ताणलेल्या तारेचा रोध वाढतो हे लॉर्ड केल्विननी १८५६ मध्ये दाखवलं होतं, पण त्यातून मोजण्याचं साधन व्हायला १९३८ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत एकाच सुमारास दोघांना ते सुचलं : कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. टाकीच्या पातळ पत्र्यावरचा ताण मोजायला काही मिळेना, म्हणून त्यांनी बारीक तार थेट पत्र्यावर चिकटवली. यातून व्यापारी फायदा फारसा व्हायचा नाही असं वाटून संस्थेनं हक्क त्यांच्याकडेच राहू दिले. आज ट्रकच्या वजनकाट्यापासून बाळाच्या वजनकाट्यापर्यंत सगळीकडे तेच तत्त्व आहे.

पट्टीवर अशा चार जाळ्या असतात. दोन ताणल्या जातात, दोन दाबल्या जातात, आणि व्हीटस्टन ब्रिज नावाच्या जोडणीत त्यांची आपसात तुलना होते. गॅसशेजारी काटा तापला तर चारही जाळ्या सारख्याच तापतात आणि तो परिणाम बराचसा आपोआप वजा होतो. उरतो तो फक्त वजनाचा फरक : एका ग्रॅममागे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. एवढीशी कुजबुज एक छोटी चिप ऐकते आणि पडद्यावर आकडा उमटतो.

शून्य करायचं जे बटण असतं, ज्यावर 'टेअर' लिहिलेलं असतं, ते त्या क्षणीचा आकडा लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करतं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं स्वयंपाक करता करता मोजणं शक्य होतं. मला सर्वांत आवडणारी युक्ती अशी : तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, कढईत तेल ओतायचं आणि बाटली परत काट्यावर ठेवायची. पडद्यावर 'उणे २२' दिसलं की बावीस ग्रॅम तेल कढईत गेलं. वाटी नाही, चमचा नाही, भांडं तेलकट नाही. तूप, कुटाचा डबा, साखर, चिवड्याची बरणी, सगळ्यांना हे लागू.

एकत्र शिजलेल्या पदार्थाचं काय, हा प्रश्न लगेच येतो. समजा चौघांसाठी कांदेपोहे केले : २०० ग्रॅम पोहे, ४० ग्रॅम तेल, ४० ग्रॅम शेंगदाणे, कांदा, मिरची, कोथिंबीर. पोह्यांच्या साधारण ७००, तेलाच्या ३६०, दाण्यांच्या सव्वादोनशेच्या आसपास, कांदा वगैरे पन्नास-साठ, अशा मिळून साडेतेराशे कॅलरी. आता कढईसकट वजन करायचं आणि रिकाम्या कढईचं वजन (ते एकदाच करून कपाटाच्या दाराआड लिहून ठेवावं) वजा करायचं. पोहे ६०० ग्रॅम भरले तर दीडशे ग्रॅमच्या बशीत पाव हिस्सा, म्हणजे ३४०. पण नजर खिळते ती बेरजेतल्या वाट्यांवर. दोनशे ग्रॅम पोह्यांनी ७०० दिल्या, आणि तेल-दाण्यांच्या ऐंशी ग्रॅमनीच पावणेसहाशेच्या वर दिल्या. हे कळल्यावर पोहे कमी करायची गरज राहत नाही. तेल चाळीसऐवजी वीस ग्रॅम घेतलं तरी बशी तेवढीच भरलेली दिसते.

भाताशी मात्र जपून. शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ शिजून अडीचशे-तीनशे ग्रॅम होतो. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं. कच्च्या तांदळाचा आकडा शिजलेल्या भाताला लावला तर दीडशे ग्रॅम भाताच्या पाचशेहून जास्त कॅलरी दिसतील, खऱ्या असतात दोनशेच्या आसपास. पोळीचं उलट : तव्यावर पाणी उडून ती हलकी होते. म्हणून कणकेचा गोळाच मोजलेला बरा. चाळीस ग्रॅमच्या गोळ्यात पंचवीसेक ग्रॅम पीठ असतं, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी, वर लावलेलं तेल-तूप वेगळं.

हे आकडे येतात कुठून? आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. देशभरातले नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासलेले. तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे; ४.१८४ नं भागलं की आपली ओळखीची कॅलरी मिळते. पण ग्रॅममागे प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९, पिष्टमय पदार्थ ४ कॅलरी हे मूळ गणित एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरनी बसवलं. त्यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधली. माणसानं तिथं काही दिवस राहायचं, जेवायचं, झोपायचं, सायकल मारायची, आणि त्याच्या अंगातून निघणारी सगळी उष्णता खोलीतल्या नळ्यांमधल्या पाण्यानं टिपायची. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी पाकिटामागचा आकडा बहुतेक त्याच गणितानं काढतात.

त्या गणितालाही मर्यादा आहेत. २०१२ साली अमेरिकी संशोधकांना आढळलं की अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्षात मिळणारी ऊर्जा या हिशेबापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशानं कमी आहे, कारण न फुटलेल्या पेशींमधलं तेल तसंच बाहेर पडतं. म्हणजे काट्यावरचं वजन चोख असलं तरी त्याला लावलेला कॅलरीचा आकडा अंदाजाचाच असतो. तेव्हा एकेका कॅलरीसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. माझ्या मते पालेभाजी, काकडी, टोमॅटो, ताक हे काट्यावर आणूच नये. तेल, तूप, कूट, खोबरं, साखर, तांदूळ, पीठ आणि फरसाण मोजावं, तेही काही आठवडे, नजरेला वजन ओळखता येईपर्यंत. आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच भीतीचं झालेलं आहे, जेवणाची धास्ती वाटते किंवा उपासमार करून घ्यायची सवय लागली आहे, त्यांनी काट्याच्या वाटेला जाऊ नये, डॉक्टरांशी बोलावं. वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या ताटाखालीही काटा नको.

शरीराच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज चमचाभर तेल कमी झालं तर कागदावर दोन महिन्यांत किलोभर उतरायला हवं. शरीर थोडं जुळवून घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. शिवाय बाथरूममधल्या काट्यावर हे सरळ रेषेत दिसत नाही. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आपल्या तिप्पट-चौपट पाणी धरून ठेवते. एका लग्नाच्या जेवणानं ते वाढतं, दोन दिवस बेतानं खाल्लं की ते उतरतं.

मग ती चरबी जाते कुठे? घामातून, उष्णता होऊन, असं बरेच जण सांगतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी अणूंचा हिशेब मांडला. दहा किलो चरबी जाळायला आपण २९ किलो ऑक्सिजन श्वासातून घेतो. त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होतं. मूळ दहा किलोंतले ८.४ किलो श्वासावाटे हवेत जातात, उरलेले १.६ किलो पाणी होऊन. उतरलेलं वजन आपण बहुतांशी नाकातोंडातून सोडून दिलेलं असतं.

इटलीतल्या पादुआचे वैद्य सँटोरिओ याच कोड्याच्या मागे होते. काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून ते जेवत. जेवण, स्वतःचं शरीर आणि मलमूत्र यांची वजनं त्यांनी सुमारे तीस वर्षं केली. १६१४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की दिवसभरात आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातले पाच पौंड न दिसता नाहीसे होतात. त्यातली बहुतेक वाफ होती आणि थोडा श्वासातून गेलेला कार्बन, पण ऑक्सिजनचा शोध लागायला अजून दीडशेहून अधिक वर्षं होती. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. रात्री झोपताना वजन करा आणि सकाळी उठल्याबरोबर, बाथरूमला जायच्या आधी, पुन्हा करा. दोन-तीनशे ग्रॅम तरी कमी भरतील.