‘बरी हाय’ म्हणते, पण आवाज काय सांगतो?

सासरहून लेकीचा फोन येतो. “बरी हाय माय,” एवढंच बोलते. फोन ठेवल्यावर माय म्हणते, “पोरीचं काहीतरी बिनसलं.” शब्दांत तर काहीच नव्हतं, मग मायला कळलं कसं?

आवाजावरून. राग किंवा भीती आली की गळ्याचे स्नायू ताणतात, श्वास भरभर चालतो, आवाज चढतो. दुःखात तो खाली येतो, सपाट होतो, दोन शब्दांत खंड पडतो. बहुतेकांचा मेंदू शब्दांचा अर्थ डाव्या बाजूने लावतो, पण सुरातला भाव ओळखण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा. म्हणून लकव्याने डावी बाजू लुळी पडलेल्या काही माणसांना घरच्यांच्या आवाजातला राग-लोभ कळत नाही आणि ते स्वतःही एकसुरी बोलतात. घरचे म्हणतात, याची माया आटली. तसं नसतं, तो आजाराचा भाग असतो.

तान्ह्या बाळाजवळ तर शब्दच नसतात. आपल्या ब्रह्मपुरीला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यातल्या बायांना बाळाचा जंतुदोष ओळखायला शिकवलं. आधी नीट रडणारं बाळ मंद रडू लागलं किंवा रडायचं थांबलं, ही त्यातली एक खूण. दूध ओढणं कमी होणं, अंग ढिलं पडणं, याही खुणा. हे काम १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तेव्हा अचानक गप्प झालेल्या बाळाला “गुणाचं आहे” म्हणू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

मोठ्यांच्या बाबतीत आम्हीही चुकलो आहोत. नोकरीत असताना एका बाळंतिणीने खालमानेने, अगदी कोरड्या आवाजात “बरी आहे” म्हटलं आणि आम्ही कागदावर तेच लिहिलं. चार दिवस ती जेवली नव्हती, हे नंतर तिच्या सासूकडून कळलं. बाळंतपणानंतरची उदासी आम्ही पुस्तकात शिकलो होतो, कानाने ऐकली नाही.

नुसत्या आवाजावरून निदान होत नाही, हेही खरं. कुणी थकलेलं असतं, कुणाचा स्वभावच कमी बोलण्याचा. पण नेहमीचा आवाज बदलला आणि दोन आठवडे तसाच राहिला, झोप-जेवण तुटलं, तर बाहेरची बाधा शोधत बसू नका. जवळ बसून विचारा, “जीव नकोसा वाटते का?” असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.