पान गाजराचे, कूळ भलतेच!

पावसाळ्यात वस्तीच्या कडेला, गटाराशेजारी, मोकळ्या प्लॉटवर एक झुडूप माजते. पाने अगदी गाजरासारखी, वर बारीक पांढरी फुले. आपण त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. पण गाजराशी त्याचे काही नाते नाही. ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले, आणि परदेशातून आलेले. पुण्यात ते वाढत असल्याची नोंद 1956 साली आर. एस. राव यांनी प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले.

मग गाजराच्या कुळातली आपली रानफुले कोणती? सह्याद्रीतली पिंडा ही त्यातली एक. कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात ती पांढरी शुभ्र फुलते. तिची पाने मात्र गाजरासारखी बारीक चिरलेली नसतात. रुंद आणि दातेरी असतात.

म्हणून ओळख पानावरून नको, फुलोऱ्यावरून करा. देठाच्या टोकाला एकाच जागेतून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे फुटलेले दिसले, की ते बहुधा गाजराचे कूळ. कोथिंबीर, बडीशेप, शेपू फुलावर आली की हीच छत्री दिसते. पिंडाच्या छत्रीत कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या असतात. गाजर गवताला अशी छत्री नसते. त्याचे दांडे खालीवर फुटतात आणि फुले बारीक गुंड्यांसारखी असतात.

पण छत्री दिसली म्हणून तोंडात घालू नका. जिरे, ओवा, धने या कुळातले, तसेच सॉक्रेटिसला पाजलेले हेमलॉकचे विषही याच कुळातले. मुलांनाही हे सांगून ठेवा. अनोळखी रानफूल बघावे, खाऊ नये.

गाजर गवताचा त्रास वेगळा. त्याच्या स्पर्शाने काहींना खाज सुटते, अंगावर पुरळ येते. परागकणांमुळे शिंका आणि दमा उद्भवतो. बागकाम, साफसफाई, खुरपणी करणाऱ्या आपल्या माय-भगिनींना हा त्रास अधिक. काम देणाऱ्याकडे हातमोजे मागा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, नाकाला फडके बांधा. फुलावर येण्याआधीच, जमीन ओली असताना, ते मुळासकट उपटा. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा.

मान, चेहरा, हात वारंवार खाजत असतील तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. ससून किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि कोणते गवत उपटता तेही सांगा.