स्क्रीन रीडरवर ‘बुरोंडी’ रोमनमध्ये कसं लिहायचं?

समजा, बुरोंडी ते दाभोळ हा किनारा तुमच्या संशोधनाचा विषय आहे आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचाय. मार्गदर्शकांनी आयएसओ १५९१९ पद्धत सांगितली, तर ‘बुरोंडी’त एन आणि डी दोघांखाली टिंब हवं, शेवटच्या आयवर आडवी रेघ हवी. त्यात पोर्तुगीज साधनं आली की जुआंव द कास्त्रो येणारच. त्याने १५३८-३९ मधल्या गोवा ते दीव प्रवासाचं वर्णन लिहिलंय, आणि त्याच्या नावातल्या ‘ए’वर टिल्ड आहे.

डोळस माणूस वर्डमधल्या चिन्हांच्या तक्त्यातून अक्षर उचलतो. तो तक्ता चौकटी-चौकटीने ऐकत बसणं म्हणजे शिक्षाच. तिकडे जाऊच नका.

पोर्तुगीजसाठी विंडोजमध्ये ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ कीबोर्ड जोडा. आधी टिल्ड, मग ए दाबलं की अक्षर तयार. पहिल्या कळीला पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे गोंधळून ती परत दाबू नका. आल्ट धरून ०२२७ टाइप करायची जुनी युक्तीही चालते, पण त्याला वेगळा नंबर पॅड लागतो. आणि नमलॉक बंद असेल तर एनव्हीडीए ते आकडे स्वतःच्या आज्ञा समजतो.

टिंबवाल्या अक्षरांसाठी मला वर्डमधलं आल्ट-एक्स सगळ्यात सोपं वाटतं. अक्षराचा युनिकोड क्रमांक टाइप करायचा आणि लगेच आल्ट-एक्स दाबायचं. टिंबवाला एन १ई४७, टिंबवाला डी १ई०डी, रेघवाला आय ०१२बी. (अर्थात इंग्रजी कीबोर्डवर.) ‘बुरोंडी’ सरळ लिहून होतं. ‘दाभोळ’ मात्र फसवतं: सुरुवातीच्या डीनंतर रेघवाल्या एचा ०१०१ टाकला, की वर्ड तो डीसुद्धा क्रमांकातच धरतो, कारण या क्रमांकांत ए ते एफ ही अक्षरंही आकडेच असतात. अशा वेळी क्रमांकाआधी यू आणि अधिकचं चिन्ह टाका.

आता खरी अडचण. अक्षर उमटलं, पण बरोबर उमटलं का? पोर्तुगीजमध्ये ‘आजी’ आणि ‘आजोबा’ या शब्दांत फरक फक्त शेवटच्या ‘ओ’वरच्या खुणेचा आहे: तिरकी रेघ असली तर आजी, टोपी असली तर आजोबा. इंग्रजी आवाज लावलेला असेल तर दोन्ही सारखेच ऐकू येऊ शकतात. म्हणून कानावर विसंबू नका, क्रमांक ऐका. एनव्हीडीएत नमलॉक बंद ठेवून, रिव्ह्यू कर्सर त्या अक्षरावर असताना नंबर पॅडवरचा २ तीनदा झटपट दाबा, क्रमांक बोलून दाखवला जातो. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ धरून पूर्णविराम तीनदा.

इथे आणखी एक गोष्ट सापडते, जी डोळसांनाही दिसत नाही. टिंबवाला एन दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा एन अधिक सुटं टिंब (०३२३) म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पीडीएफमधून उचललेलं नाव सुट्या टिंबाचं आणि तुमचं एकसंध असेल, तर शोध घेताना एक सापडतं, दुसरं निसटू शकतं. संदर्भसूचीत नावं चिकटवलीत की अशी दोन-चार अक्षरं तपासून बघा. आणि नेहमी लागणारी नावं एकदा बरोबर झाली, की वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये छोट्या खुणेने साठवून ठेवा. दर वेळी क्रमांक कोण आठवत बसणार?